अठ्ठावन्नाव्या पानावरची खूण

४ फेब्रुवारी, रविवार

वाळवे,

सकाळी अकराला फोन वाजला. नेहमी तुझे बाबा उचलतात, आज मी उचलला. मी 'हॅलो' म्हटलं आणि तू ठेवून दिलास. राँग नंबर असेल, असं पाच मिनिटं मी स्वतःला समजावलं. पण दर रविवारी अकराच्या ठोक्याला येणारा राँग नंबर आपल्याकडे एकच आहे. चार वर्षं मी त्या वेळेला मुद्दाम गॅलरीत कपडे वाळत घालते, हे तुला माहीत नसेल. धुतलेले नसले तर नुसते ओले करून घालते.

रागावून लिहीत नाहीये, कामाचं सांगायचं आहे. तुझ्या बाबांना आता ऐकू येत नाही. वर्षभर कमी कमी होत होतं, ते लपवत होते आणि मी ओरडत होते. मागच्या रविवारी तू बोलत होतीस आणि ते "हो हो, मजेत, मजेत" म्हणत होते ना, तेव्हा त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. मी खुणेनेच विचारलं, काय म्हणाली? तर म्हणाले, "आवाज खूश वाटला." आणि नजर खाली. चोरी पकडली गेली की हा माणूस चष्मा पुसायला घेतो. शेवटी कबूल केलं, तीन रविवार असंच चाललं होतं. तेव्हा त्या तीन रविवारांत काही महत्त्वाचं सांगितलं असशील तर ते वाया गेलं असं समज. त्यांच्या नावाने पत्रात लिही. मी फोडणार नाही, शब्द देते.

डॉक्टर म्हणाले, मशीन लावलं तर आवाज मोठा होईल, स्पष्ट होणार नाही. बाबा म्हणाले, "हा बिघाड माझ्या ओळखीचा आहे. स्पीकरचा कागद फाटला की असंच होतं." डॉक्टरला वाटलं थट्टा करताहेत.

रेडिओ-दुरुस्तीचं दुकान चालू आहे. रेडिओच्या पेटीवर तळहात ठेवतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "बाई गातेय. खालचे सूर फाटताहेत." गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मी मान हलवते. अजून चुकलेले नाहीत. यात खरं किती आणि गिऱ्हाइकासाठी किती, ते मी विचारत नाही.

बोलायचं ते मी माझ्या वाचनालयाच्या चिठ्ठ्यांवर लिहून दाखवते आणि ते मोठमोठ्याने उत्तरं देतात. म्हणजे आता घरात बहिरे ते आणि मुकी मी. यावर तू किती हसली असतीस ते मला इथून दिसतंय.

तुझी आई


१९ फेब्रुवारी, सोमवार

वाळवे,

बाबांना तुझं पत्र पोचलं. मी फोडलं नाही. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं, चष्मा पुसला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. गेले चार दिवस तोच शर्ट अंगावर आहे. मी विचारलं नाही. खिशाकडे बघितलं असेल पाचसहा वेळा, पण विचारलं नाही.

मला तू लिहिलं नाहीस ते ठीकच. मी मात्र लिहिणार. सोमवारी वाचनालय बंद असतं, मी सिनेमाला जाते, आणि परत आल्यावर भांडायला कोणी नसतं.

आजचा सिनेमा दोन भावांचा होता. एक म्हणतो घर विकू, दुसरा म्हणतो नको, आणि पावणेदोन तास दोघं आळीपाळीने खिडकीतून बाहेर बघतात. तुला आवडला असता. खिडकीतून बाहेर बघणारी माणसं तुला पहिल्यापासून खोल वाटतात. मला वाटतं, सिनेमात माणसाने काहीतरी काम करावं. माझे आवडते आठवून बघ. शिवणाऱ्या बहिणींचा, विहीर खणणाऱ्यांचा, आपला तो नदीवरच्या बोटवाल्याचा. सगळ्यांत हात चालू असतात. तोंडाने माणूस वाटेल ते बोलेल, पण टीप मारायची तर ती मारावीच लागते.

पुस्तकांचंही तेच. नायिका रडली की लगेच बाहेर पाऊस लावणारा लेखक मला चालत नाही. आभाळाला आपली स्वतःची कामं असतात. आणि खुनाच्या कादंबऱ्यांना तू नाक मुरडायचीस, पण निदान त्यांतली माणसं वेळेवर कुठेतरी पोचतात. परवा सभासद एक्केचाळीसने अशाच एका कादंबरीच्या शेवटी चिठ्ठी चिकटवली, 'खून कोणी केला ते पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. वाचनालयाने लक्ष द्यावं.' मी खोडरबर घेऊन गेले तर नाव चुकीचं होतं. खोडलं नाही. असू दे की, वाचणाऱ्याची तेवढीच गंमत.

गाण्यांबद्दल मी बोलत नाही, ते खातं तुझ्या बाबांचं. शब्द म्हणजे गाण्याचा नुसता पत्ता, गाणं दोन ओळींमधल्या श्वासात असतं, हे त्यांचं जुनं पालुपद. मी म्हणायचे, पत्ताच नसेल तर पोचायचं कुठे? आता हे भांडण बंद पडलंय. जिंकले म्हणावं तर समोर कोणी नाही.

तर घरी आले, चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. अशा एकशे बारा झाल्यात. झाकणाला फट पाडलेल्या आपल्या साखरेच्या डब्यात टाकता येत नाहीत, कारण त्यात एका वेळी एकाच सिनेमाची किंवा पुस्तकाची मतं, आणि तिघांच्या तीन चिठ्ठ्या पडल्याशिवाय आणि तिघं समोर बसल्याशिवाय डबा उघडायचा नाही. नियम तुझाच. सात वर्षांची होतीस, आम्ही दोघं सिनेमाहून येताना रस्त्यातच कडाकडा भांडायचो म्हणून टेबलावर चढून जाहीर केलास. चिठ्ठी आधी, चर्चा मग. शेवटपर्यंत बघितल्याशिवाय, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही. आणि डबा उघडेपर्यंत एकाने दुसऱ्याला अवाक्षर सांगायचं नाही. मला नियम इतका पटला की वाचनालयात लावला. आज प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी सभासदांच्या चिठ्ठ्या आहेत, ते तुझं डोकं.

साखरेच्या डब्यात मात्र चार वर्षं दोनच चिठ्ठ्या पडून आहेत, तू लिहिलेल्या पुस्तकाच्या. दोन प्रती घेऊन आलीस, एक घरची, एक वाचनालयाची, आणि 'हे लेखिकेचं मत' असं म्हणत हसत हसत स्वतःचीच चिठ्ठी आधी टाकलीस. मग बाबांची पडली. माझी नाही, कारण माझं मत मी वाचनालयाच्या प्रतीत चिकटवलं होतं. 'भाषा चांगली. माणसं खोटी. आई तर कागदाची. एकदा वाचायला हरकत नाही. सभासद १.'

दोन महिन्यांनी तू आलीस ती आधी वाचनालयात शिरलीस. पुस्तक काढलंस, सवयीने शेवटचं पान उघडलंस. मी कार्डं लावत होते. तू पुस्तक जागेवर सरळ लावलंस, कडा बोटाने शेजारच्या पुस्तकाशी जुळवलीस आणि म्हणालीस, "आई, अडीचची बस मिळते का बघते." स्वयंपाक झाला होता. ताटं मांडलेली होती. तू न जेवता गेलीस.

मी माफी मागत नाही. वाचनालयात जो न्याय सगळ्यांना तोच पोटच्या पोरीला. पुस्तक मी दोनदा वाचलं आहे आणि माझं मत तेच आहे.

आई


११ मार्च, रविवार

वाळवे,

आज फोन मीच उचलणार हे माहीत असून केलास. बोलली नाहीस, पण ठेवलाही नाहीस. मीही बोलले नाही. मी! बाबा समोर येऊन उभे राहिले, "तीच का?" म्हणाले. मी मान हलवली. "काय म्हणतेय?" मी हाताने सांगितलं, काही नाही. तर म्हणाले, "श्वास ऐकू येतोय ना? मग झालं तर." इतक्या मोठ्याने की तुला ऐकू गेलंच असेल. सव्वा मिनिट होतं. मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होते.

तो ठेवल्यावर मला किती करमेनासं झालं ते सांगू? खाली वाचनालयात गेले, कुलूप उघडलं, तुझ्या लहानपणीच्या खालच्या फळीपाशी जमिनीवर बसले. तिथे बसून तू पुस्तकांचे कोपरे चावायचीस म्हणून बाबांनी तुला वाळवी नाव ठेवलं. अजून तीनचार पुस्तकांवर तुझे दात उमटलेले आहेत. सभासद तक्रार करतात. मी सांगते, जुनी पुस्तकं आहेत, चालायचंच. बदलत नाही मी ती.

दुसरी एक गोष्ट. इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्सबाई आहेत एक, सभासद अठ्ठ्याऐंशी. आठवड्याला तीन पुस्तकं फस्त करतात. मागच्या बुधवारी तुझं पुस्तक काढलं. मी म्हटलं, शेवटी मत लिहिलंय, बघून घ्या. तर म्हणाल्या, "बघितलं म्हणूनच नेते. तुम्ही ज्याला नावं ठेवता ते मला हमखास आवडतं." जिभेला हाड नाही.

शुक्रवारी परत आणलं. टेबलावर ठेवलं, पण हात काही पुस्तकावरून काढेनात. मग म्हणाल्या, "बाई, एक विचारू? तो बोटवाल्याचा शेवट तुम्ही खरंच रस्त्यात चालता चालता रचला होता?"

मी म्हटलं, "हो ना."

"आणि खरा शेवट मुलीला कितव्या वर्षी कळला?"

मी म्हटलं, "आता इतकं कुठे आठवतंय."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. ताप असल्याचं नाटक करणारे रोगी त्यांनी आयुष्यभर बघितले असतील. मग चिठ्ठी मागितली, दोन ओळी लिहिल्या, माझ्या चिठ्ठीच्या खाली चिकटवल्या आणि गेल्या. काय लिहिलं ते सांगत नाही. उद्धट आहेत.

पुस्तकात बोटवाल्याचा सिनेमा घालायचं काय नडलं होतं? घरातल्या गोष्टी घरात.

आई


२४ मार्च, शनिवार

वाळवे,

हे पत्र बसून वाच.

नर्सबाईंनी लिहिलं होतं, 'सभासद १ यांनी हे पुस्तक पूर्ण वाचावं. सभासद ८८.'

मी तुझं पुस्तक दोनदा वाचलेलं नाही. एकदाही वाचलेलं नाही. अठ्ठावन्नाव्या पानापर्यंत वाचलं होतं. बत्तीस वर्षं वाचनालय चालवते, न वाचता मत दिलं म्हणून दोघांची सभासदत्वं बंद केली आहेत, आणि सगळ्या कपाटांत खोटी चिठ्ठी एकच आहे, ती माझी.

अठ्ठावन्नावर काय आहे ते तुला सांगायला नको. मुलगी कांजिण्यांनी फणफणलेली, अंथरुणात वहीवर पहिली गोष्ट लिहिते आणि झोपते. जागी होते तेव्हा वही उशीखाली असते, आणि गोष्टीवर लाल पेन्सिलीने सात दुरुस्त्या असतात. 'आई शेजारीच बसली होती. तिने सातही चुका बरोबर काढल्या होत्या. त्यानंतर मी वही लपवायला शिकले.'

मी तिथे सिनेमाच्या तिकिटाचा तुकडा खूण म्हणून घातला आणि पुस्तक मिटलं. उठून भांडी घासली. घासलेलीच परत घासली. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की लाल पेन्सिल बरी लक्षात राहिली! मी तीन दिवस वाचनालय बंद ठेवून तिच्या उशाशी बसले, खाजवू नये म्हणून हात धरून बसले, ते नाही लिहिलं. सोयीचं तेवढं घेतलं. खोटी माणसं. आणि त्याच रागात खाली जाऊन चिठ्ठी लिहिली. लिहिताना अक्षर काय सुंदर आलं होतं म्हणून सांगू.

गेल्या रविवारी, तुझा फोन आला नाही त्या दिवशी, मी घरची प्रत काढली. खूण तिथेच होती. पुढे वाचायला लागले.

एकसष्टाव्या पानावर आहे गं ते. 'वाचनालयाच्या दारावर तीन दिवस बंदची पाटी होती. सभासद खालून हाका मारत होते आणि आई माझे दोन्ही हात धरून बसली होती. तिने पाणी प्यायलाही हात सोडले नाहीत.' सगळं आहे. तीन पानं पुढे. मी तीन पानं थांबले असते तर! चार वर्षं, वाळवे, तीन पानांसाठी.

मग थांबले नाही. एकशे बेचाळीसावर बोटवाला आला.

त्या संध्याकाळी काय झालं ते मी विसरूनच गेले होते. तू आठ वर्षांची. शेवटची दहा मिनिटं उरली असताना थिएटरातली वीज गेली ती आलीच नाही, आणि सगळ्यांना बाहेर काढलं. नदीकाठी बोटवाल्याची बायको खिडकीत दिवा लावून बसली आहे, तो येतो की नाही ते कळायच्या आत. तू रस्त्यात भोकाड पसरलंस. बस नव्हती, पाऊण तास चालायचं होतं. तेव्हा मी सांगितलं, अगं मी हा सिनेमा आधी बघितलाय, मला माहीत आहे शेवट. बघितला नव्हता. शेवटपर्यंत बघितल्याशिवाय अवाक्षर बोलायचं नाही, हा तुझा नियम तेव्हा वर्षाचाही नव्हता, आणि मी तो खुशाल मोडला. तुझं रडू थांबवायचं होतं, दुसरं काही नाही.

मी काय सांगितलं ते मला तुझ्या पुस्तकातून कळलं. 'आई म्हणाली, तो येतो. पण बायको रागावलेली असते, ती दार उघडत नाही. तो बाहेरून विचारतो, मी परत जाऊ का? ती आतून म्हणते, जायचं तर जा, पण आधी जेवून जा. मी विचारलं, मग तो जातो? आई म्हणाली, जेवल्यावर कोण जातंय.'

आणि पुढे तू लिहिलंयस, की बाविसाव्या वर्षी दुसऱ्या गावात तुला तो सिनेमा पुन्हा मिळाला. खऱ्या सिनेमात बोटवाला येतच नाही. बायको दिवा विझवते आणि स्वतः वल्ही उचलते. 'आधी मला फसवलं गेल्याचा राग आला. मग लक्षात आलं, त्या दिवशी मला फसवलं नव्हतं, गोष्ट सांगितली होती. मी लिहायला लागले ती त्या पाऊण तासामुळे.'

मी पुस्तक उराशी धरून रडले. बाहेर पाऊस वगैरे काही नव्हता, चांगलं कडक ऊन होतं.

मग खाली दुकानात गेले आणि बाबांना चिठ्ठीवर लिहून दाखवलं, 'मी पोरीचं पुस्तक न वाचता मत दिलं होतं.' त्यांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "माहीत आहे. खूण हलली नव्हती." एवढ्या मोठ्याने, की समोरचा शिंपी कात्री हातात धरून बघायला लागला. मी लिहिलं, 'चार वर्षं माहीत होतं? मग बोलला का नाहीत?' तर म्हणाले, "डबा उघडेपर्यंत बोलायचं नाही असं ठरलंय ना? तुझी चिठ्ठी कुठे पडली होती?"

हा माणूस! पोरगी तुटली, घर ओसाड पडलं, आणि हा नियम पाळत बसला. दर आठवड्याला घरचं कपाट पुसायचा, दर आठवड्याला ते तिकीट बघायचा, आणि गप्प. मी इतकी ओरडले, इतकी ओरडले, आणि त्यांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. ओरडून झाल्यावर त्यांनी माझा हात घेऊन चालू रेडिओवर ठेवला आणि म्हणाले, "माझंही चुकलं." रेडिओ माझ्या हाताखाली गुणगुणत होता. कोण गात होतं कोण जाणे.

मग त्यांनी खिशातून तुझं पत्र काढलं. "पत्र माझं आहे, मी वाटेल त्याला दाखवीन," म्हणाले.

चार वर्षांत तू एक ओळ लिहिलेली नाहीस. 'आईला पुस्तकांतलं कळतं. तिला माणसं खोटी वाटली म्हणजे ती खोटीच असणार. मी लिहिणं सोडलं, बाबा. तीन रविवार हेच सांगत होते आणि तुम्ही हो हो, मजेत म्हणत होतात.' नऊ जणांच्या हाताखालून गेलेली पत्रकं छापून देणाऱ्या कचेरीत कारकुनी करतेस, हे मला आता कळतंय.

आईला पुस्तकांतलं कळतं म्हणे. आईला अठ्ठावन्न पानांपुढचं काही कळत नव्हतं, बाळा. तू चार वर्षं ज्या मताखाली बसलीस ते मत नव्हतंच. तो राग होता. स्वयंपाकघरातला, साधा, कोत्या मनाचा राग. मी त्याला सभासद क्रमांक लावला.

मला तुझी आठवण येते. हे आजवर लिहिलं नाही, कारण तुला माहीत असेल असं धरून चालले. आता काहीच धरून चालत नाही. सिनेमात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असली की पर्स ठेवते तिच्यावर, कोणी विचारलं तर सांगते, येणार आहे. दिवे लागेपर्यंत बसते. पडद्यावर चांगलं काही झालं की अजून मान डावीकडे वळते.

आई


२ एप्रिल, सोमवार

वाळवे,

काल फोन वाजला तेव्हा मी मुद्दाम उचलला नाही. तू फोनवर श्वास घेशील, मी फोनवर श्वास घेईन, आणि आपल्या दोघींची आयुष्यं अशीच निघून जातील. बाबांना मी सांगितलं नाही, पण फोनच्या टेबलावर ठेवलेला त्यांचा पेला थरथरत होता म्हणे. "फोन वाजतोय ना?" म्हणाले. मी लिहिलं, 'वाजू दे. तिला यावं लागेल.' तर मला म्हणाले, "सिनेमाची भाषा बोलू नकोस." तरी हसत होते.

वाचनालयातली जुनी चिठ्ठी काढलेली नाही. लागलेली चिठ्ठी काढायची नाही, हा नियम मलाही आहे. लोकांनी वाचावी. नर्सबाईंची तिच्याखाली आहे, आणि तिच्याखाली आता ही आहे. तुझ्यासाठी उतरवून पाठवते.

'सभासद १. पुन्हा एकदा मत. वरचं मत न वाचता दिलेलं होतं, ते कोणी धरू नये. पुस्तक आता पूर्ण वाचलं, आणि या वेळी खरोखरच दोनदा. भाषा चांगली. मधली वीसेक पानं पाल्हाळ आहे. एक बाई उगीच खिडकीतून बाहेर बघते. बाकी माणसं खरी आहेत. आई इतकी खरी आहे की वाचताना मला उठून दोनदा पाणी प्यावं लागलं. लेखिकेने पुढचं पुस्तक द्यावं. वरच्या फळीवर जागा करून ठेवली आहे.'

नर्सबाई वाचून गेल्या. "पाल्हाळ वगैरे काही नाहीये," म्हणाल्या. मी म्हटलं, तुमची चिठ्ठी तुम्ही लिहा. आता पुस्तकाला सहा जण थांबलेत. चिठ्ठ्यांची भांडणं वाचायला येतात मेले, पण नेतात.

साखरेच्या डब्यातही मी चिठ्ठी टाकली. आता तीन झाल्या. माझ्या चिठ्ठीत काय आहे ते सांगणार नाही, बाबा त्यांच्या चिठ्ठीत काय आहे ते सांगत नाहीत, आणि चार वर्षांपूर्वीच्या त्या मुलीने स्वतःच्या पुस्तकाबद्दल काय लिहून टाकलंय ते मला रोज डबा हलवून बघावंसं वाटतं. पण तिघं समोर बसल्याशिवाय उघडायचा नाही. मी एकदा नियम मोडून बघितलाय, पुरे झालं.

तुझ्या खोलीत बाबांनी टेबल खिडकीपासून हलवून भिंतीला लावलंय. मी सांगितलं तसं. वर एक कोरी वही ठेवली आहे. लाल पेन्सिली मी घरातून काढून टाकल्या, वाचनालयातही आता निळीच वापरते.

रविवारी ये. मी काय बोलायचं ते ठरवलेलं नाही, तूही ठरवू नकोस. रागावलेली असशील तर तशीच ये. वाटेत राग उतरवायची गरज नाही. अडीचची बस अजून आहे, वेळही तीच आहे. जायचं तर जा. पण आधी जेवून जा.

आई